तवा तापलाय, बॉस!

पवईच्या सिग्नलला तुमच्या शेजारी एक लालबुंद, बुटकी, टप काढलेली टू-सीटर येऊन थांबली तर तुम्ही काय कराल? मान वळवाल, मोबाइल काढाल, आणि बाइकवर असाल तर हेल्मेटची काच वर करून विचाराल, "बॉस, इम्पोर्टेड का?" आमचा एक मित्र या प्रश्नाला गेली पाच वर्षं एकच उत्तर देतोय. "वेर्ण्याची!" समोरच्याला वाटतं, इटलीतलं एखादं गाव असेल. सिग्नल सुटतो, गाडी पुढे जाते.

दोनेक महिन्यांपूर्वी मात्र सिग्नल सुटला आणि गाडी पुढे गेली नाही. म्हणजे गेली, पण हुडहुडी भरल्यासारखी. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की अख्खी गाडी थडथड थडथड... वर जळक्या रबरासारखा वास. शेजारचा रिक्षावाला चक्क हसला. मुंबईत रिक्षावाल्याने तुमच्या स्पोर्ट्स कारला हसणं, यापेक्षा मोठा अपमान शोधून सापडायचा नाही.

तर, वेर्णा म्हणजे आपल्या गोव्यातलं वेर्णा. तिथे सॅन मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' नावाची गाडी बनवायला घेतली. फायबरची बॉडी, दोनच सीट, उघडं छप्पर आणि रेनॉचं १,१४९ सीसीचं, साधारण ६० हॉर्सपॉवरचं इंजिन. (आजच्या बऱ्याचशा फॅमिली हॅचबॅक यापेक्षा जास्त ताकदीच्या असतात, पण हे त्याच्यासमोर बोलायचं नाही.) गाडी फारशी खपली नाही, पुढे उत्पादनही थांबलं. आज रस्त्यावर एखादी दिसली तर ती कुणीतरी हट्टाने जगवलेली असते. आमच्या मित्रानेही तशीच जगवलीय. पंधरा वर्षांनंतरचं री-पासिंग, ग्रीन टॅक्स, सोसायटीच्या सेक्रेटरीची कुरकुर, सगळं सोसून. त्याचं नाव छापलं तर बायको आजवरच्या खर्चाचा हिशेब मागेल, म्हणून तो इथे फक्त 'मित्र'.

मित्र राहतो मुलुंडला, ऑफिस सीप्झला. म्हणजे रोज एलबीएस मार्ग, विक्रोळी, मग जेव्हीएलआर, पवई. गाडी बनली गोव्याच्या मोकळ्या हवेत आणि नशिबी आलं गांधीनगर जंक्शन. घोडा आणून घाण्याला जुंपावा, तसं.

आणि इथेच आपल्या कथेची हिरॉइन येते. तिचं नाव फ्लायव्हील.

इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला बोल्टने बसवलेली ही बिडाची जड चकती. धारावीच्या कुंभारवाड्यात कधी गेला असाल तर कुंभाराचं चाक पाहिलं असेल. काठीने एकदा गरगर फिरवलं की ते आपल्या वजनानेच फिरत राहतं. फ्लायव्हीलचं तेच. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दोनदा धमाका होतो, मधल्या वेळात शांतता. धमाका-शांतता-धमाका हा सगळा धसमुसळेपणा ही चकती पोटात घेते आणि तुम्हाला गुळगुळीत ताकद देते. काठावर तिला दाते असतात, त्यात स्टार्टर अडकतो आणि सकाळी गाडी सुरू होते. आणि तिची सपाट बाजू? तीवर क्लच प्लेट येऊन चिकटते. चिकटली की इंजिनाची ताकद चाकांकडे, सुटली की नाही.

भानगड होते ती चिकटण्या-सुटण्याच्या मधल्या अवस्थेत. म्हणजे आपला लाडका हाफ क्लच! पवईच्या चढावर हँडब्रेक कोण लावतो? आपण क्लच अर्धा सोडून, ॲक्सिलरेटरवर पाय नाचवत, गाडी जागच्या जागी तरंगत ठेवतो आणि वर स्वतःला ड्रायव्हिंगचे उस्ताद समजतो. त्या प्रत्येक सेकंदाला प्लेट फ्लायव्हीलवर घासत असते. तव्यावर काही न टाकता गॅस मोठा करून ठेवला तर काय होईल, तेच इथे होतं. बिडावर निळे-काळे डाग पडतात. हे डाग नुसते डाग नसतात, तापून-थंड होऊन तिथलं बीड आजूबाजूपेक्षा कडक झालेलं असतं. मग प्लेट कडक जागी वेगळी पकडते, मऊ जागी वेगळी, आणि गाडीला हुडहुडी भरते.

ऑटोमॅटिकवाल्यांनो, गालातल्या गालात हसू नका. तुमची गाडी जर एएमटी असेल (भारतात २०१४ पासून स्वस्त गाड्यांमध्ये आलेला प्रकार), तर तिलाही क्लच आहे, तिलाही फ्लायव्हील आहे. फक्त पायाऐवजी यंत्र क्लच दाबतं. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवलीत की तवा तुमचाही तापतो. आणि स्टॅटसचा प्रश्न असेल तर सांगते, तवा कुणालाच चुकत नाही. २००२ साली सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हातून सचिनला फेरारी ३६० मोडेनाची चावी मिळाली आणि नंतर तिच्या कस्टम ड्युटीवर अख्ख्या देशाने चर्चा केली. ती फेरारी बांद्र्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लचचं काय करत असेल, हे मात्र कुणीच विचारलं नाही. मला तेव्हापासून तोच प्रश्न पडलाय.

असो. मित्राकडे वळू.

त्याची गाडी थरथरण्याची ही पहिली वेळ नव्हती. वर्षभरापूर्वी उपनगरातल्याच एका चकाचक गॅरेजने त्याला नवी क्लच प्लेट, नवी प्रेशर प्लेट, नवं रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बसवून दिला होता. बिल वाचून त्याने त्या महिन्यात दोन रविवार बाहेर जेवणं टाळलं. गाडी चार महिने लोण्यासारखी चालली, मग पुन्हा थडथड. कारण? नवी प्लेट जुन्या, जळक्या फ्लायव्हीलवर तशीच बसवली होती. खरकट्या तव्यावर नवा डोसा! फ्लायव्हीलचं काय केलं, हे गॅरेजने सांगितलं नाही आणि यानेही विचारलं नाही. विचारायला ते नाव आधी माहीत तर हवं.

या वेळी तो घाटकोपरच्या एका जुन्या गॅरेजवाल्याकडे गेला. हे गृहस्थ पद्मिनी टॅक्सीवर हात बसवलेले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: प्रीमियर पद्मिनी, जिला आपण सगळे 'फियाट' म्हणायचो, ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, आणि मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. दिवसभर थांबत-चालत भाडी मारणाऱ्या टॅक्सीचा फ्लायव्हील कसा दिसतो, हे या पिढीला शाळेतल्या पाढ्यांसारखं पाठ. त्यांनी गिअरबॉक्स उतरवला आणि मित्राला फोन केला. "साहेब, फ्लायव्हीलचं काय करायचं? घासायचा की बदलायचा?"

मित्र मीटिंगमध्ये. म्युटवर. समोर क्लायंट.

हा फोन तुम्हालाही येणार आहे. आज ना उद्या, असाच मीटिंगमध्ये. म्हणून थोडं टेक्निकल सहन करा.

पहिला प्रश्न हा की तुमचा फ्लायव्हील सॉलिड आहे की ड्युअल मास? सॉलिड म्हणजे एकसंध चकती. ड्युअल मास म्हणजे दोन चकत्या, मध्ये लांब, बाकदार स्प्रिंगा आणि ग्रीस. लुक नावाच्या जर्मन कंपनीने १९८५ मध्ये हा प्रकार मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. इंजिनाचे हिसके त्या स्प्रिंगा खातात, म्हणून बऱ्याच डिझेल आणि टर्बो गाड्या इतक्या शांत वाटतात. पण हा फ्लायव्हील लेथवर चढवायचा नाही. बनवणारेच नको म्हणतात. स्प्रिंगा थकल्या, आयडलवर खडखड यायला लागली, इंजिन बंद करताना ठण्ण असा आवाज आला की बदलायचा. महाग असतो, त्यामुळे गॅरेजवाला "घासून देतो, पैसे वाचवा" म्हणाला तर तुम्हाला मोह होईल. वाचतील ते पैसे पुढच्या बिलात जातील.

सॉलिड असेल तर मात्र घासण्याला वाव आहे, आणि खर्च म्हणाल तर लेथचा खर्च एका बऱ्यापैकी डिनरच्या बिलात बसतो. खरा खर्च गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याचा. म्हणूनच एकदा उतरवलाय तर फ्लायव्हील बघून घ्या, असं म्हणतात. पण घासायला मर्यादा आहे. प्रत्येक कटिंगला चकती थोडी पातळ होते, आणि जाडी ही एफडी आहे, मोडली की मोडली. किमान जाडीचा कंपनीचा आकडा असेल तर तोच शेवटचा शब्द. काही कंपन्या सॉलिडलाही हात लावू देत नाहीत. मॅन्युअल बघा, नाहीतर बघायला लावा.

आणखी एक गोष्ट, जी घाईतला माणूस हमखास विसरतो. काही फ्लायव्हीलना पायरी असते. म्हणजे प्लेट घासते तो भाग एका पातळीवर आणि प्रेशर प्लेट बोल्टने बसते तो भाग दुसऱ्या. नुसता मधला भाग घासला आणि काठ तसाच ठेवला तर पायरीची उंची बदलते आणि प्रेशर प्लेटची पकड ढिली पडते. आतून जितकं काढाल तितकंच काठावरून काढायचं. लेथवाल्याला हे विचारलंत आणि त्याने तुमच्याकडे जरा आदराने पाहिलं, तर समजा योग्य जागी आलात.

(कुणीतरी "हलका फ्लायव्हील टाक ना यार, गाडी रॉकेट होईल" असं सांगेलच. सांगणाऱ्याला सांगा, रेस ट्रॅकवर बरोबर आहे. हलकी चकती चटकन आरपीएम पकडते, पण तितक्याच चटकन सोडतेही. जेव्हीएलआरवर दर वीस फुटांवर गाडी बंद पडली की रॉकेटचा सगळा नशा उतरतो.)

स्टॉर्मचा फ्लायव्हील सॉलिड निघाला. मित्राने मीटिंगमधूनच मेसेज टाकला, "घासा." त्याला घाई होती. पुढच्या शनिवारी बाबांचा सत्तरावा वाढदिवस. आयुष्यभर मुलुंड-सीएसटी लोकलने उभ्याने प्रवास केलेल्या त्या माणसाला टप काढलेल्या गाडीतून अलिबागला न्यायचं, असं सहा महिन्यांपूर्वी ठरलं होतं. बाबांनी गॉगल आणला होता. सत्तरीत! मंगळसूत्र घेतल्यासारखा तो गॉगल डबीतून काढून पाहुण्यांना दाखवत होते.

फ्लायव्हील गेला साकीनाक्याच्या आतल्या गल्लीत, एका लेथवाल्या काकांकडे. तुम्ही मेट्रोने वरून जाता ना, त्याच्या खाली ही एक वेगळीच मुंबई आहे. दहा बाय वीसचा गाळा, पायाखाली लोखंडाचा कीस, भिंतीवर गणपती, आणि मशीन तुमच्या-माझ्यापेक्षा वयाने मोठी. मी मित्राबरोबर गेले होते, कॉलमला विषय मिळेल म्हणून. मिळाला.

काकांनी चकती हातात घेतली, काठावर हातोडीने हलकेच टिचकी मारली आणि कान दिला. मग काही न बोलता लाल डायचा डबा काढला. चकती पुसली, डाय फासला, थोडा वेळ ठेवला, पुन्हा स्वच्छ पुसला आणि वर पांढरा स्प्रे मारला. बीड अखंड असेल तर पांढरं पांढरंच राहतं. भेग असेल तर आत मुरलेला लाल रंग हळूहळू वर येतो. आम्ही तिघं त्या पांढऱ्या चकतीकडे टक लावून बसलो.

आधी डागांवर बारीक बारीक लाल जाळी उमटली. "ही असतेच," काका म्हणाले. "वरवरची. ग्राइंडरवर जाते." (ग्राइंडरच का? तर कडक डागावर लेथचं टूल उडी मारतं आणि तिथे उंचवटा राहून जातो, दगड मात्र कडक-मऊ सगळं सारखं घासतो. हे मला त्यांनी न विचारता समजावलं.) मग त्या जाळीतून एक रेघ निघाली. केसाएवढी. ती आतल्या बाजूला सरकत गेली आणि एका बोल्टच्या भोकापाशी थांबली.

"साहेब, हा मी नाही घासणार."

मित्राचा चेहरा पडला. त्याने जे कुणीही केलं असतं तेच केलं. पैसे वाढवून देतो म्हणाला, शनिवार सांगितला, बाबा सांगितले, गॉगलसुद्धा सांगितला. काका ऐकत होते. मग म्हणाले, "दुसरीकडे जा, अर्ध्या तासात आरशासारखा करून देतील. भेग दिसणार नाही तुम्हाला. पण ती असेल."

मग त्यांनी खडूने जमिनीवर हिशेब मांडला. मी घरी येऊन कॅल्क्युलेटरवर तपासला, बरोबर आहे. चकती २६ सेंटिमीटर व्यासाची धरा. इंजिन ६,००० आरपीएमला गेलं की तिचा काठ ताशी जवळजवळ ३०० किलोमीटर वेगाने फिरत असतो. गाडी उभी असली तरी! त्या वेगात बिडाचा तुकडा सुटला तर बेल हाउसिंग फोडून कुठे जाईल, हे त्याचं तो ठरवतो. "आणि ही गाडी फायबरची ना?" काकांनी विचारलं. "शेजारी वडील बसणार ना?"

मित्र काहीच बोलला नाही. चकती परत पोत्यात घातली. काकांनी डायचेही पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

आता बदलायचा म्हटलं तर आणायचा कुठून? कंपनी उत्पादनातून गेलेली. नशीब इतकंच की इंजिन रेनॉचं. तेच इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओमध्ये लाखोंनी फिरलं, त्यामुळे तिकडे पार्ट मिळतो. पण नुसतं इंजिनाचं नाव जुळून चालत नाही. घाटकोपरच्या गॅरेजवाल्यांनी मित्राला चक्क गृहपाठ दिला. बोल्टची भोकं किती आणि कशी, रिंग गिअरचे दाते किती, क्लचचा व्यास किती, जाडी किती. दाते त्याने खडूची खूण करून दोनदा मोजले. आयआयटीची एंट्रन्स दिली तेव्हाही इतकं मन लावलं नव्हतं म्हणतो. कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या बाजारात एक चक्कर मारून झाली, तिथे सगळं मिळतं, हे सोडून. शेवटी परदेशातून मागवला. ड्युटी, कुरिअर, वाट बघणं... सहा आठवडे गाडी सोसायटीत कव्हरखाली. सेक्रेटरी खूश, कारण ऑइलचे डाग बंद!

पार्ट आला. दाते जुळले, भोकं जुळली. बसवताना गॅरेजवाल्यांनी क्रँकचं मागचं ऑइल सीलही बदललं. दिसायला क्षुल्लक रबर, पण ते गळलं तर नव्या प्लेटवर तेल, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बोल्ट नवे घेतले, टॉर्क रेंचने आवळले, डायल गेज लावून चकती डुलत नाही ना ते पाहिलं. बसवण्याआधी थिनरने पुसून घेतली आणि पोऱ्याला दम भरला, "हात लावायचा नाही." बोटाच्या तेलकट ठशानेही क्लच धरताना हिसका देऊ शकतो. मग मित्राला ताकीद, पहिले काही शे किलोमीटर सासुरवाडीला आल्यासारखी चालवा. हाफ क्लच नाही, सिग्नलला रेस नाही, चढावर हँडब्रेक.

आता पवईच्या चढावर तो हँडब्रेक लावून थांबतो. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

आणि तो शनिवार? बाबा गेले ना अलिबागला. त्यांच्याच जुन्या हॅचबॅकमधून, भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला. गॉगल बोटीच्या डेकवर लावला. फोटो मी पाहिलाय, सॉलिड दिसतात. स्टॉर्ममधली फेरी दिवाळीनंतर ठरली आहे.

जुना फ्लायव्हील मित्राने भंगारात दिला नाही. कुणी उचलून, आरशासारखा घासून पुन्हा कुणाच्या गाडीत बसवला तर, अशी भीती त्याला वाटते. तो आता मुलुंडच्या घराच्या गॅलरीत आहे, आईने वर जास्वंदीची कुंडी ठेवलीय. पाणी घालताना माती ओघळते आणि ती लाल रेघ झाकली जाते, मग पाऊस येऊन धुऊन टाकतो.